वॉर्सातला शहाण्णव वर्षांचा प्रश्न

वर्तुळावरच्या कुठल्याही बिंदूवर उभे राहा आणि डावीउजवीकडे पाहा. आपण नेमके कुठे आहोत हे सांगणारी एकही खूण सापडत नाही. सगळीकडून दिसणारे चित्र एकच. रेघेच्या तुकड्याचे तसे नसते. टोकाचा बिंदू पुसला तर उरलेला तुकडा एकसंध राहतो, मधला पुसला तर रेघेचे दोन तुकडे होतात. म्हणजे टोक कोणते आणि मध कोणता, हे रेघ स्वतःच सांगून टाकते. इंग्रजी आठाच्या आकड्यात मधली गाठ अशीच उघडी पडते. भरीव चकतीत कडेचा बिंदू आणि पोटातला बिंदू यांची जात वेगळी असते. वर्तुळात मात्र सगळे बिंदू एकाच दर्जाचे. रसायनशास्त्राच्या शालेय पुस्तकातला शब्द उसना घेऊन वर्तुळाला ‘समांगी’ म्हणू या.

आता प्रश्न असा: कागदाच्या सपाटीवर मावणारी, स्वतःच्या कडा स्वतःत सामावून घेणारी, एकसंध आणि समांगी अशी दुसरी कोणती आकृती आहे का? चौकोनाची कड, लंबवर्तुळ किंवा एखाद्या देशाची वेडीवाकडी सीमारेषा सुचवून सुटका होणार नाही. टोपॉलॉजीत आकृती हवी तशी ताणता येते, वाकवता येते. फक्त ती फाडायची नाही आणि वेगळे बिंदू एकमेकांना चिकटवायचे नाहीत. या नियमाने ती सगळी वर्तुळेच ठरतात.

हा प्रश्न १९२० साली वॉर्सातून निघालेल्या एका नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, अखेरच्या पानांवर छापला गेला. विचारणारे दोघे तरुण होते: ब्रोनिस्वाव क्नास्टर आणि काझिमिएझ कुरातोव्स्की. नियतकालिकाचे नाव ‘फुंडामेंटा मॅथेमॅटिके’. प्रश्न दोन ओळींचा, शाळकरी मुलालाही कळेल असा. त्याचे पूर्ण उत्तर २०१६ साली आले. मधल्या शहाण्णव वर्षांत एक देश उभा राहिला, बेचिराख झाला, पुन्हा उभा राहिला. आणि जगाने ज्याला पुढे टोपॉलॉजीचा पोलिश संप्रदाय म्हणून ओळखले, त्याचा जन्मही याच प्रश्नाच्या आसपास झाला.

गणितातले संप्रदाय सहसा ठरवून सुरू होत नाहीत. एखादा थोर माणूस असतो, त्याच्याभोवती विद्यार्थी जमतात, आणि मागे वळून पाहताना इतिहासकार त्याला नाव देतात. वॉर्सात उलटे घडले. आधी योजना कागदावर लिहिली गेली आणि मग माणसे त्या योजनेबरहुकूम कामाला लागली. तीही अशा देशात, जो योजना लिहिली तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

१७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा उरलासुरला भाग वाटून घेतला आणि पुढची १२३ वर्षे स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हता. वॉर्सा आधी प्रशियाच्या वाट्याला आले आणि १८१५ नंतर रशियाच्या ताब्यात गेले. तिथे १८६९ पासून विद्यापीठ होते, पण रशियन भाषेत चालणारे. १९०५ साली विद्यार्थ्यांनी पोलिश भाषेसाठी संप केला आणि त्यानंतर रशियन विद्यापीठावर बहिष्कार टाकणे हा स्वाभिमानाचा भाग झाला. शिकायचे तर परदेशी जायचे. कुरातोव्स्की १९१३ साली इंजिनिअर होण्यासाठी ग्लासगोला गेला तो यामुळेच. सुटीत घरी आला आणि महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. ऑगस्ट १९१५ मध्ये जर्मन फौजा वॉर्सात शिरल्या, रशियन प्राध्यापकांनी विद्यापीठाचे बिऱ्हाड उचलून थेट डॉन नदीकाठच्या रोस्तोवला नेले, आणि जर्मनांनी स्वतःच्या राजकीय सोयीसाठी का होईना, त्याच वर्षी नोव्हेंबरात पोलिश विद्यापीठ सुरू करायला परवानगी दिली. इंजिनिअर होऊ पाहणारा मुलगा असा गणितात आला. ग्लासगोतल्या कुठल्या तरी कारखान्याचे नुकसान झाले असेल. गणिताचे झाले नाही.

या विद्यापीठात दोन तरुण प्राध्यापक होते, दोघेही १८८८ साली जन्मलेले: झिगमुंट यानिशेव्स्की आणि स्टेफान माझुर्क्येविच. त्यांनी टोपॉलॉजीवर एक सेमिनार सुरू केला. त्या काळी जगात या विषयाचे सेमिनार शोधूनच काढावे लागले असते. प्वाँकारे यांनी १८९५ मध्ये या विषयाची मोठी पायाभरणी केली त्याला जेमतेम वीस वर्षे झाली होती. यानिशेव्स्कीने पॅरिसमध्ये लबेग यांच्या हाताखाली १९११ साली डॉक्टरेट मिळवली होती, आणि प्रबंधाचा विषय होता कंटिन्युअम. हा शब्द पुढे सतत येणार आहे, म्हणून त्याचा अर्थ आताच सांगतो: एकसंध, मर्यादित जागेत मावणारी आणि स्वतःच्या सगळ्या कडा स्वतःत सामावून घेणारी आकृती म्हणजे कंटिन्युअम. रेघेचा तुकडा, वर्तुळ, चकती हे सगळे कंटिन्युअम. ‘एकसंध’ म्हणजे नेमके काय, हा साधा दिसणारा प्रश्न या मंडळींनी किती खोल खणला ते पुढे दिसेल.

यानिशेव्स्की हा विलक्षण माणूस. युद्धात तो पिल्सुद्स्कीच्या पोलिश सैन्यदलात गेला. जर्मनी-ऑस्ट्रियाशी निष्ठेची शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने नकार दिला आणि खोट्या नावाने भूमिगत राहिला. वडिलांकडून आलेली इस्टेट त्याने लोकशिक्षणाला देऊन टाकली, स्वतःच्या खर्चाने अनाथ मुलांसाठी आश्रय उभा केला. मृत्यूनंतरही उपयोग व्हावा म्हणून स्वतःचा देह वैद्यकीय अभ्यासाला द्यावा, अशी त्याची इच्छा होती.

विज्ञानाला मदत करणारी ‘मियानोव्स्की निधी’ नावाची एक जुनी पोलिश संस्था होती. (तिच्या उत्पन्नाचा एक भाग बाकूच्या तेलविहिरींतून येत असे, एका पोलिश भूगर्भतज्ज्ञाने मृत्युपत्रात तशी तरतूद केली होती.) स्वातंत्र्य दिसू लागले तसे या संस्थेने विद्वानांना विचारले, तुमच्या विषयाला कशाची गरज आहे? बहुतेकांनी अपेक्षित तेच मागितले असणार. यानिशेव्स्कीने १९१८ साली छापून आलेल्या आपल्या छोट्या लेखात वेगळेच मागितले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गणितज्ञाला प्रयोगशाळा लागत नाही, महागडी यंत्रे लागत नाहीत, पण भोवताली त्याच विषयात बुडालेली माणसे लागतात. आपल्याकडे माणसे मोजकी. ती दहा शाखांत विखुरली तर प्रत्येक जण एकटा पडेल आणि पॅरिस-ग्योटिंगेनच्या मागे धावत राहील. तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच शाखा निवडावी, आणि फक्त त्या शाखेला वाहिलेले नियतकालिक काढावे. ते पोलिशमध्ये नको. फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, इटालियनमध्ये असावे, म्हणजे जगाला वाचावेच लागेल.

शेवटच्या सूचनेतले धाडस लक्षात घ्या. शंभर वर्षे आपल्या भाषेसाठी संप केलेल्या, शाळा गमावलेल्या, हद्दपार झालेल्या लोकांना तो सांगत होता की संशोधन परभाषेत छापा. आणि गणितातले पहिले विशेष नियतकालिक फक्त संच सिद्धांत आणि त्याच्या शेजारच्या प्रांतांना वाहिलेले. एवढ्या अरुंद विषयावर पुरेसे लेख येतील का, हीच मुळात शंका. क्राकोमधल्या जुन्या वळणाच्या गणितींना, विशेषतः स्तानिस्वाव झारेंबांना, हे एकांगीपण मानवले नाही. त्यांची हरकत अगदीच गैर होती असे मला वाटत नाही, त्याबद्दल पुढे.

शाखा निवडली ती संच सिद्धांताची, आणि त्यामागे तिसरा माणूस होता: वात्सवाव शेर्पिन्स्की. त्याची गोष्ट एका शब्दापासून सुरू होते. १९०७ साली त्याच्या वाचनात आले की प्रतलावरचा बिंदू एकाच संख्येने ठरवता येतो. आपल्याला तर शाळेपासून माहीत, प्रतलावर बिंदू सांगायला दोन संख्या लागतात, क्ष आणि य. चकित होऊन त्याने ग्योटिंगेनमध्ये असलेल्या मित्राला, तादेउश बानाखिएविचला, विचारले की हे कसे शक्य आहे. उत्तर एका शब्दात आले: ‘कँटर’. शेर्पिन्स्कीने जाऊन गेओर्ग कँटरचे लेख काढले. युक्ती अशी: समजा बिंदूचे दोन निर्देशांक ०.३८१७ आणि ०.५०२९ आहेत. दोन्हींचे अंक आळीपाळीने गुंफा, ०.३५८०१२७९ ही एकच संख्या मिळते. तिच्यातले एकाआड एक अंक उचलले की मूळच्या दोन संख्या परत हाती येतात. थोडी डागडुजी लागते, पण गाभा एवढाच. म्हणजे रेघेवर जितके बिंदू, तितकेच अख्ख्या चौकोनात. मग रेघ आणि चौकोन यांत फरक तरी कोणता उरला? हा फरक सांगण्यासाठी बिंदू मोजून भागत नाही, बिंदू एकमेकांना कसे लगटून आहेत हे पाहावे लागते. तिथे टोपॉलॉजी सुरू होते.

शेर्पिन्स्कीने १९०९ मध्ये ल्वूवला, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवला, फक्त संच सिद्धांतावर अभ्यासक्रम शिकवला. तेव्हा असा स्वतंत्र अभ्यासक्रम जगात जवळपास कुठेच नव्हता. महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो रशियात अडकला आणि त्याला व्यात्का शहरी स्थानबद्ध केले गेले. येगोरोव आणि लुझिन या रशियन गणितींनी खटपट करून त्याला मॉस्कोत आणले. कॉम्प्युटरवर हौशी मुले काढतात तो ‘शेर्पिन्स्कीचा त्रिकोण’ १९१५ चा, आणि ‘शेर्पिन्स्कीचा गालिचा’ १९१६ चा. चौकोनाचे नऊ सारखे चौकोन करा, मधला काढून टाका; उरलेल्या आठांवर तेच करा; असे अनंत वेळा. क्षेत्रफळ शून्यावर येते. तरीही त्या जाळीत एक अफाट गुण उरतो. प्रतलात काढता येईल अशी कोणतीही वक्ररेषा घ्या, कितीही गुंतागुंतीची; टोपॉलॉजीच्या नियमाने तिची हुबेहूब प्रत या गालिच्यात कुठे तरी दडलेली असते.

१९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि शेर्पिन्स्की वॉर्सात परतला. तिघे एकत्र आले. १९१९-२० मध्ये रशियाशी युद्ध पेटले तेव्हा शेर्पिन्स्की आणि माझुर्क्येविच सोव्हिएत सैन्याचे सांकेतिक संदेश उलगडायलाही बसले होते. दिवसा अनंताचा हिशेब, उरल्या वेळात शत्रूच्या तारांचा. ‘फुंडामेंटा’चा पहिला खंड १९२० मध्ये निघाला. त्यातले लेख फक्त पोलिश लेखकांचे होते, मुद्दाम. पण ज्याच्या डोक्यातून हे सारे निघाले तो यानिशेव्स्की तो खंड पाहू शकला नाही. ३ जानेवारी १९२० रोजी ल्वूवमध्ये इन्फ्लुएन्झाने तो गेला. वय ३१.

त्याच खंडात यानिशेव्स्की आणि कुरातोव्स्की यांचा एक संयुक्त लेख आहे, ‘अविभाज्य’ कंटिन्युअमवर. या कल्पनेपाशी थांबायलाच हवे. रेघेचा तुकडा मधोमध कापला की दोन छोटे कंटिन्युअम होतात आणि दोन्ही मिळून मूळ रेघ भरून निघते. वर्तुळाचे दोन अर्ध्या कंसांत असेच भाग पडतात, चकतीचेही. सहज वाटते की कुठल्याही एकसंध आकृतीचे असे दोन लहान एकसंध भाग पाडता येतीलच. डच गणिती ब्राउवरने १९१० साली दाखवले की हे खोटे आहे. असे कंटिन्युअम असतात ज्यांचे दोन लहान कंटिन्युअममध्ये विभाजन होऊच शकत नाही. बहुतेकांनी याकडे अपवाद म्हणून पाहिले, जत्रेतले दोन डोक्यांचे वासरू पाहावे तसे. वॉर्साच्या मंडळींनी मात्र त्याचाच ध्यास घेतला. गणिताच्या इतिहासात विकृती म्हणून बाजूला टाकलेल्या गोष्टींवर असा सामूहिक जीव लावल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, क्नास्टर आणि कुरातोव्स्की यांनी एक पंख्यासारखी आकृती रचली. ती संपूर्ण एकसंध आहे, तिचे दोन सुटे भाग पाडता येत नाहीत. पण तिचा वरचा एक बिंदू, फक्त एक, काढून घेतला की अख्खी आकृती धूळ होते: मग तिच्यात दोन बिंदूंनाही एकत्र धरून ठेवणारा एकसंध तुकडा उरत नाही. कुरातोव्स्कीने आपल्या प्रबंधात ‘जवळ असणे’ या कल्पनेचे मोजके नियम मांडले आणि जाता जाता एक गंमत सिद्ध केली. कोणताही संच घ्या. दोनच क्रिया करायला मुभा: त्याला त्याच्या सीमेवरचे सगळे बिंदू जोडणे, किंवा त्याच्या बाहेरचे सगळे घेणे. कुठल्याही क्रमाने, हवे तितक्या वेळा. जास्तीत जास्त १४ वेगवेगळे संच मिळतात, पंधरावा कधीच नाही. सात नाही, सतरा नाही, चौदा.

आणि मग १९२२. क्नास्टरने (हा गृहस्थ आधी पॅरिसला डॉक्टरकी शिकायला गेला होता आणि विनोदी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होता) ‘फुंडामेंटा’च्या तिसऱ्या खंडात एक कंटिन्युअम रचला, जो अविभाज्य आहे आणि ज्याचा प्रत्येक लहान कंटिन्युअमही अविभाज्य आहे. कितीही आत शिरा, कुठेच रेघेचा तुकडा सापडत नाही. एकसंध आहे, पण त्याच्या आतून एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत चालत जाता येत नाही.

ही आकृती कशी बनते? क्नास्टरची मूळ कृती पट्ट्यांची होती. पुढे अमेरिकनांनी ती साखळ्यांच्या भाषेत मांडली, ती सांगायला सोपी आहे. समजा पुण्याहून कोल्हापूरला जाणारी एसटी आहे. वाटेत शिरवळ, सातारा, कराड हे थांबे. नियम असा केला की कोल्हापुरात शिरण्याआधी गाडीने कराडपर्यंत जायचे, मग उलटे शिरवळला यायचे, आणि मगच कोल्हापूर गाठायचे. एवढ्याने भागत नाही. तीन टप्प्यांच्या कुठल्याही प्रवासाला हाच नियम: पुण्याहून कराडला जातानाही आधी सातारा, मग माघारी शिरवळ, मग कराड. शिरवळहून कोल्हापूरला जाताना आधी कराड, मग माघारी सातारा, मग कोल्हापूर. हिशेब करून पाहा: सरळ प्रवास चार टप्प्यांचा, हा बारा टप्प्यांचा होतो. आता रस्त्याच्या जागी एक जाड पट्टा कल्पा आणि त्याच्या पोटात या वेड्या मार्गाने जाणारा बारीक पट्टा काढा. मग या बारीक पट्ट्यावर खूप जास्त थांबे ठेवा आणि त्याच्या पोटात, त्याच नियमाने, आणखी बारीक पट्टा. असे अनंत वेळा. सगळ्या पट्ट्यांत शेवटपर्यंत टिकून राहणारे बिंदू म्हणजे क्नास्टरची आकृती. कितीही जवळून पाहा, ती कुठेही सरळ पुढे जात नाही. प्रत्येक पावलाच्या पोटात माघार आहे आणि माघारीच्या पोटात पुन्हा पाऊल.

अशी गोष्ट पाहून कोणीही म्हणेल, ठीक आहे, असेल एखादी. पण माझुर्क्येविचने १९३० साली सिद्ध केले की प्रतलातल्या कंटिन्युअमपैकी ‘जवळपास सगळे’ असेच आतबाहेर अविभाज्य असतात. ‘जवळपास सगळे’ याला गणितात नेमका अर्थ आहे, ढोबळ बोलणे नव्हे. अपवाद आहेत ती आपली रेघ, आपले वर्तुळ, आपली चकती. भूमितीच्या वहीत आपण जन्मभर अपवादच काढत आलो.

या सगळ्यात पहिल्या खंडातला तो प्रश्न उघडाच होता. माझुर्क्येविचने १९२४ मध्ये अर्धा गड सर केला: आकृती प्रत्येक बिंदूपाशी बारकाईने पाहिल्यावरही एकसंधच दिसत असेल, तर समांगी म्हणजे वर्तुळच. १९३७ मध्ये एक लेख आला की कुठलीही अट नको, समांगी म्हणजे वर्तुळ. १९४४ मध्ये फ्रान्समधूनही तसाच दावा आला. दोन्ही चुकीचे होते. पण तोवर प्रश्नाकडे लक्ष द्यायला वॉर्सात कोणी उरले नव्हते.

१९३९ नंतर, जर्मन ताब्यात, विद्यापीठ बंद झाले, पोलिश लोकांना उच्च शिक्षण देणे हा गुन्हा ठरला. शेर्पिन्स्की कागदोपत्री महापालिकेचा कारकून झाला आणि घरांतून गुपचूप शिकवत राहिला. त्याने काही लेख इटलीत छापायला पाठवले, आणि त्यांच्या शेवटी एक वाक्य घातले: या प्रमेयांच्या सिद्धता ‘फुंडामेंटा मॅथेमॅटिके’मध्ये प्रसिद्ध होतील. वाचणाऱ्यांना त्याचा अर्थ कळत होता, पोलंड जगणार आहे. गणितज्ञ स्तानिस्वाव साक्स १९४२ मध्ये गेस्टापोच्या हातून मारला गेला. तर्कशास्त्रज्ञ अदोल्फ लिंडेनबाउमही नाझींच्या हत्याकांडात गेला. १९४४ मध्ये शेर्पिन्स्कीचे घर जाळले गेले, त्यात त्याचे ग्रंथ आणि पत्रव्यवहार गेला. माझुर्क्येविच युद्ध संपल्यावर काही आठवड्यांत, जून १९४५ मध्ये वारला. कारोल बोर्सुक उपासमारीच्या दिवसांत प्राणी पाळण्याचा एक फाशांचा खेळ बनवून विकत होता. पृथ्वीवर कोणत्याही क्षणी बरोबर विरुद्ध टोकांवरचे असे दोन बिंदू असतातच की जिथे तापमान आणि हवेचा दाब दोन्ही एकसारखे असतात, हे ज्याच्या १९३३ च्या प्रमेयातून निघते, तोच हा बोर्सुक. ‘फुंडामेंटा’चा तेहतिसावा खंड १९४५ मध्ये निघाला. शेर्पिन्स्कीने ते आश्वासन पाळले होते.

वॉर्साचा आणखी एक मुलगा, सॅम्युएल आयलेनबर्ग, १९३९ मध्ये वेळेवर अमेरिकेला निसटला. झारेंबांच्या हरकतीबद्दल मघाशी म्हटले ते इथे. यानिशेव्स्कीच्या योजनेने एक खोल विहीर खणली, पण बीजगणिताच्या हत्यारांनी आकार मोजणारी टोपॉलॉजी, जी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळ्यांना पुरून उरली, ती त्या विहिरीत नव्हती. ती घडवायला आयलेनबर्गने परदेशात जाऊन हातभार लावला, गणितज्ञ मॅक लेनबरोबर १९४५ मध्ये कॅटेगरी सिद्धांत उभा केला. एकाच जागी खणण्याची ही किंमत होती, आणि ती पोलंडने मोजली. तरीही माझे मत यानिशेव्स्कीच्याच बाजूने पडते. दहा ठिकाणी उथळ खड्डे खणणाऱ्या नव्या देशातून आयलेनबर्ग घडला असता, असे मानायला जागा नाही. आपल्याकडच्यांना त्याची दुसरीही ओळख असावी: त्याने अनेक वर्षे भारत आणि आग्नेय आशियातल्या कांस्य-पाषाण मूर्ती जमवल्या. त्यांतल्या चारशेवर कलाकृती आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. शेर्पिन्स्कीला १९४९ साली लखनौ विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, तेवढाच आपला आणखी एक धागा.

पहिल्या खंडातल्या त्या प्रश्नाचे पहिले उत्तर टेक्सासात शिकलेल्या दोघांकडून आले. एडविन मोइझने १९४८ मध्ये अशी आकृती रचली जी आपल्या प्रत्येक लहान कंटिन्युअमशी टोपॉलॉजीच्या दृष्टीने तंतोतंत सारखी आहे. असा गुण रेघेशिवाय कोणात आहे का, हा माझुर्क्येविचचा १९२१ चा प्रश्न होता. मोइझने तिला ‘स्यूडो-आर्क’ म्हटले. त्याच वर्षी आर. एच. बिंगने सिद्ध केले की ही आकृती समांगी आहे. रचताना एक टोक पुण्याला आणि दुसरे कोल्हापूरला धरले होते. पूर्ण झाल्यावर त्या टोकांची ओळखच पुसली जाते, कुठलाही बिंदू कुठल्याही बिंदूच्या जागी बसतो. वर्तुळ एकटे नव्हते. आणि मग १९५१ मध्ये बिंगने दाखवले की ही स्यूडो-आर्क म्हणजे क्नास्टरचीच १९२२ ची आकृती. कुरातोव्स्कीबरोबर १९२० मध्ये प्रश्न विचारणाऱ्या माणसाने दोन वर्षांत, त्याच नियतकालिकात, दुसऱ्याच कारणासाठी उत्तर छापले होते. एकोणतीस वर्षे ते ग्रंथालयांच्या फडताळात पडून होते. ना क्नास्टरला कळले, ना वाचणाऱ्यांना.

१९५९ मध्ये बिंग आणि जोन्स यांनी तिसरी आकृती शोधली: वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूच्या जागी एक स्यूडो-आर्क बसवलेली. आणखी किती? २०१६ मध्ये लोगन होएन आणि लेक्स ओव्हरस्टीगन यांनी ‘अॅक्टा मॅथेमॅटिका’त सिद्ध केले की एकटा बिंदू सोडला तर प्रतलात याच तीन आहेत, चौथी नाही. चार वर्षांनी त्यांनीच माझुर्क्येविचच्या प्रश्नाचा प्रतलापुरता निकाल लावला: रेघ आणि स्यूडो-आर्क, बस.

त्याच पहिल्या खंडातला तिसरा प्रश्न रशियातल्या मिखाईल सुस्लिनचा होता. प्रश्न छापून येण्याआधीच सुस्लिन टायफसने गेला. त्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही: गणिताच्या रूढ गृहीतकांतून ते ठरवताच येत नाही, हे साठ-सत्तरच्या दशकांच्या उंबरठ्यावर कळले. ‘फुंडामेंटा मॅथेमॅटिके’ वॉर्सातून आजही निघते आणि त्याचे जुने खंड पोलिश डिजिटल ग्रंथालयात कोणालाही मोफत वाचता येतात. जुजबी फ्रेंच येत असेल तर १९२० चा खंड उघडा आणि अखेरची ‘प्रोब्लेम’ या मथळ्याची पाने आधी वाचा.